सुखोईच्या इंजिनांवरील खर्चाबाबत खुलासा

हवाई दलाच्या सुखोई-३० या लढाऊ विमानांचे पैसे केव्हाच देऊन झाले असताना इंजिनांसाठी पुन्हा २६ हजार कोटी रुपये मोजावे लागतात, म्हणजे विमानेच सदोष निघाली, असा संदेश पुण्यातील अनेक गटांमध्ये फिरत आहे. आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीशी २४० इंजिनांचा करार केला. ती ओडिशातील कोरापुट येथे तयार होतील आणि आठ वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतील. ही रक्कम करांसह आहे, हे संदेशात गाळले आहे.

लोहगावच्या धावपट्टीवरून झेपावणाऱ्या प्रत्येक सुखोईत दोन इंजिने असतात. विमानाच्या सांगाड्याचे आयुष्य सुमारे ६,००० उड्डाणतासांचे, तर त्यातील एएल-३१एफपी या इंजिनाचे सुमारे २,००० तासांचे, तेही मध्ये एकदा संपूर्ण उघडून दुरुस्ती केल्यानंतर. म्हणजेच सांगाडा शाबूत असतानाच इंजिने बदलावी लागणार, हे विमान घेतानाच ठरलेले असते. अतितप्त वायूच्या झोतात फिरणारी टर्बाइनची पाती झिजतात, हा दोष नसून धातूचा स्वभाव आहे.

खडकीतील चिलखती वाहनांच्या केंद्रीय आगारात सुटे भाग साठवले जातात, तेही याच कारणासाठी. माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच विचारायला हवा: खरेदीच्या वेळी हा आजीवन खर्च करदात्यांसमोर स्पष्टपणे का मांडला जात नाही?