वाऱ्यानं पडणारे पोट्टे

परवा रात्री आमच्या पानठेल्यावर फुटबॉलची मॅच चालू होती. मोबाइल सुपारीच्या डब्याला टेकवलेला आणि आम्ही सातआठ जण त्यावर वाकलेलो. एक फॉरवर्ड पडला, चार पलट्या खाल्ल्या, नडगी धरून ओरडला आणि फ्री किक मिळाल्याबरोबर उठून पळायला लागला. ठेल्यावर हशा. "काय लोळून रायले बे हे! वाऱ्यानं पडते पोट्टे." मग नेहमीचं सुरू झालं: आमच्या टायमाले असं नव्हतं, अनवाणी खेळत होतो, रगत निघालं तर माती लावत होतो, आताच्यायले हात लावला तरी तक्रार.

मीही हसलो. खोटं कशाला सांगू, ते लोळणं मलाही आवडत नाही. नाटक केलं तर पिवळं कार्ड, असा नियमच आहे आणि रेफ्रींनी तो जास्त वापरावा असं माझं मत आहे. पण लोळणं वेगळं आणि तक्रार वेगळी. ठेल्यावर दोन्ही एकाच पुडीत बांधून देतात, तिथं माझं जमत नाही.

पहिले तर "आमच्या टायमाचे" खेळाडू तक्रार करत नव्हते हेच खरं नाही. पेलेपेक्षा जुना आणि मोठा कोण आणायचा? 1966 च्या वर्ल्ड कपमध्ये बल्गेरियावाल्यांनी त्याला इतकं तुडवलं की पुढची मॅच तो खेळूच शकला नाही. नंतर पोर्तुगालनं पुन्हा लंगडा होईस्तोवर लाथा घातल्या. तेव्हा बदली खेळाडू नव्हता, म्हणून तो लंगडत मैदानात उभा राहिला आणि ब्राझील बाहेर गेलं. त्यानंतर पेलेनं जाहीर सांगून टाकलं, मी आता वर्ल्ड कप खेळणार नाही. (खेळला, तो भाग वेगळा. 1970 ला कपही घेऊन गेला.) ही तक्रार नाही तर काय? आणि 1970 च्या त्याच वर्ल्ड कपपासून पिवळी-लाल कार्डं आली, बदली खेळाडूही आला. कोणीतरी बोंब मारल्याशिवाय नियम बदलत नसतो भाऊ, ग्रामपंचायतीत असो की फिफात.

1982 च्या वर्ल्ड कपची सेव्हिलची सेमीफायनल युट्यूबवर आहे, पाहून घ्या. फ्रान्सचा बॅतिस्ताँ बॉलमागं धावतोय, जर्मनीचा गोलकीपर शुमाखर हवेत उडी मारून कंबरेनं त्याच्या तोंडावर आदळतो. दात पडले, मणक्याला मार लागला, माणूस बेशुद्ध. आणि रेफ्रीनं काय दिलं? गोल किक. फाउलसुद्धा नाही. बॅतिस्ताँ ना लोळला ना ओरडला, कारण तो शुद्धीवरच नव्हता. ती मॅच शेवटी पेनल्टीवर जर्मनीनं जिंकली आणि तोच शुमाखर हिरो झाला.

आता ठेल्यावरच्या लाडक्या, ब्राझीलच्या नेमारचं घ्या. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये त्याच्या लोळण्यावर जगभर मीम्स झाले, मीही दोनचार फॉरवर्ड केले होते. पण त्याच्या आधीच्या वर्ल्ड कपला, 2014 मध्ये, कोलंबियाच्या झुनिगाचा गुडघा त्याच्या पाठीत बसला आणि मणक्याचं हाड मोडलं. त्या धडकेला कार्डसुद्धा निघालं नाही. पाठीचं हाड मोडून रेफ्रीला दिसत नसेल, तर पुढच्या वेळी माणूस जरा मोठ्यानं ओरडेल की नाही? मी त्याची बाजू घेत नाही, फक्त हिशेब लावून पाहतो.

आणि डोक्याचा मार तर वेगळीच भानगड. 2014 च्याच वर्ल्ड कपची फायनल, जर्मनीचा क्रामर. डोक्याला धडक बसली, तरी चौदापंधरा मिनिटं खेळत राहिला. मग रेफ्रीलाच विचारतो, ही फायनल आहे का? तेव्हा कुठे बाहेर काढला. इंग्लंडचा जेफ अ‍ॅसल हेडरसाठी प्रसिद्ध होता. 2002 मध्ये 59 व्या वर्षी मेंदूच्या आजारानं गेला आणि चौकशीत नोंद झाली की जड बॉल वर्षानुवर्षं डोक्यानं मारल्यामुळं हा कामधंद्यातून लागलेला आजार आहे. पावसात भिजलेला चामड्याचा बॉल किती जड होतो, हे ज्यानं डोक्यावर घेतला त्यालाच माहीत. आम्हीही घ्यायचो. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे आणि आम्ही हसायचो.

चक्कर आली तरी काही नाही म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. फवारणारा माणूस डोकं गरगरलं की बांधावर बसतो, निंबूपाणी पितो आणि परत पंप पाठीवर घेतो. 2017 साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, सगळा फवारा तोंडावर येत होता. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं विषबाधेनं गेली. तेव्हाही "हातमोजे-मास्क घाला" म्हणणाऱ्याला लोक नाजूक म्हणायचे. विषय फुटबॉलचा आहे, माहीत आहे. पण माझ्या डोक्यात हे दोन्ही एकाच खणात ठेवलेलं आहे.

आता जे सांगायला बसलो ते.

1996, तान्ह्या पोळ्याच्या दिवशीचे सामने. शाळेमागचं मैदान म्हणजे काळ्या मातीचा नुसता गारा, बांबूचे गोलपोस्ट, 501 रुपये आणि शील्ड. मी बॅक, म्हणजे मागं राहून अडवणारा. बावीस जणांत स्टडवाले बूट फक्त माझ्याकडं, कामठीहून जुने आणलेले, आणि त्याचा मला भारी माज. शेजारच्या गावचा राइट आउट, म्हणजे उजवीकडून बॉल घेऊन पळणारा, हरणासारखा होता, दोनदा मला काढून गेला. तिसऱ्यांदा मी बॉल पाहिलाच नाही. त्याचा पाय गाऱ्यात रुतलेला आणि मी दोन्ही बूट घेऊन घसरत गेलो. कच्चं आलं मोडावं तसा आवाज आला. रेफ्रीनं हात पुढं केला, चालू द्या.

तो उठला. पाण्याची कळशी गुडघ्यावर ओतली, कोणाचा तरी दुपट्टा आवळून बांधला आणि उरलेली वीस मिनिटं एका पायावर खेळला. दोन्ही गावांनी टाळ्या वाजवल्या. "पोट्टा वाघ आहे!" मीही वाजवल्या. जाताना त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं. मग हळद-चुना, मग हाड बसवणारा, मग तेलमालीश. खऱ्या डॉक्टरकडं गेला तो चारपाच वर्षांनी. तोवर आतलं लिगामेंट कधीचंच गेलेलं आणि गुडघा झिजलेला.

त्याला डवऱ्यामागं चालता येत नाही. वावर बटईनं दिलं आहे.

मागच्या महिन्यात एका तेरवीत भेटला. सगळे पंगतीत मांडी घालून बसलेले आणि हा मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर, पत्रावळ मांडीवर घेऊन. वरण सांडत होतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो विषय काढला. म्हटलं, भाऊ, तेव्हा एवढं लागलं होतं तर बोलला का नाहीस? फाउल तरी मागायचा होता.

त्यानं भाताचा घास कालवला आणि माझ्याकडं न पाहताच म्हणाला, "कोणाले सांगू बे? रेफ्री तं तुहाच मामा होता."