‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

हौशी फोटोग्राफरने डार्कटेबल या मोफत फोटो-संपादन सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली. ती मी उडवलेली नाही, ज्याला वाचायची त्याने खाली वाचावी. सारांश असा: “काय भो, फुकट ते पौष्टिक एवढंच तुमचं तत्त्व दिसतं. ज्याला खरंच शिकायचंय तो लाईटरूमसारखं पैशाचं सॉफ्टवेअर घेतो. महिन्याला दोन पिझ्झ्यांचे पैसे नाहीत का लोकांकडे? डार्कटेबलला एआय मास्किंग (फोटोतला हवा तो भाग आपोआप निवडणं) धड नाही, मोबाईलशी सिंक नाही, साध्या लॅपटॉपवर ते रडतं, मॉड्यूलांची नावं कुणाला कळत नाहीत. केकी मूसांसारख्या फोटोग्राफरच्या खान्देशात नव्या पोरांना भिकारपणा शिकवू नका.”

दादा, मत वेगळं असायला काहीच हरकत नाही. पण ‘भिकारपणा’ हा शब्द तुम्ही माझ्यासाठी वापरला असतात तर मी सोडून दिलं असतं. तुम्ही तो माझा लेख वाचून शिकू बघणाऱ्या पोरांसाठी वापरलात. त्यातली बरीच यावल-रावेरकडची आहेत, कुणी केळीच्या बागेत बापाला हातभार लावून मग हतनूर धरणाच्या पाण्यावर पक्षी टिपायला जातो. जुना, सेकंडहँड कॅमेरा त्याने कसा घेतला हे तुम्हाला माहीत नाही. त्याच्यापुढे पिझ्झ्याचा हिशोब मांडताना थोडा विचार करायला हवा होता.

मॉड्यूलांची, म्हणजे त्यातल्या एकेका साधनाची, नावं नवख्याला घाबरवतात, हे मात्र मान्य. ‘फिल्मिक आरजीबी’ वाचून कुणालाही काही उमगत नाही. लेखात मी ते सोपं करून सांगायला हवं होतं, पुढच्या वेळी सांगीन.

आता ‘फुकट ते पौष्टिक’. हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण फुकटाचा खरा अर्थ मी धुळ्यात पाहिलेला आहे. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिथल्या एका स्टुडिओत अल्बमचं काम करायचो. सगळीकडे असायचं तसं तिथेही सगळं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, बाजारातून आणलेल्या सीडीवरचं. ऐन लग्नसराईत त्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आणि हार्डडिस्क फॉरमॅट करावी लागली. एका मुलीच्या हळदीचे फोटो गेले ते गेलेच. मालकासोबत तिच्या वडिलांना सांगायला मी गेलो होतो. ते ओरडले नाहीत, नुसते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. तेव्हापासून चोरीचं सॉफ्टवेअर माझ्या मशीनवर नाही. तुम्ही मला फुकटेपणा शिकवताय म्हणून सरळ विचारतो: तुमचं लाईटरूम तुम्ही पैसे भरून घेतलेलं आहे का? असेल तर तुमच्याबद्दल मला आदर आहे. नसेल तर ही चर्चा इथेच थांबवू.

डार्कटेबल फुकटात उचललेलं नाही, ते मुक्त आहे. २००९ पासून जगभरातले लोक त्याचा कोड उघडपणे लिहीत आलेत, आणि ते आपल्याला परवान्यासकट मिळतं. या दोन गोष्टी एका मापाने मोजणं मला पटत नाही.

आणि पैशांचाच विषय काढलात तर पूर्ण बोलू. २०१५ चं लाईटरूम ६ हे एकदा विकत घेऊन कायमचं आपलं होणारं शेवटचं. २०१७ च्या अखेरीस त्याचे अपडेट संपले. त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला, प्रक्रिया न केलेला फोटो) त्यात थेट उघडत नाही, आधी डीएनजी या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावी लागते. पुढे सगळं वर्गणीवर आलं. जानेवारी २०२५ पासून २० जीबीचा जुना फोटोग्राफी प्लॅन नव्या ग्राहकांना मिळत नाही. म्हणजे तुमचे दोन पिझ्झे किती रुपयांचे, हे ठरवणारा दुसराच कुणीतरी आहे.

वर्गणी थांबली की काय होतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. लाईटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात, पण फोटोवर काम करायचं डेव्हलप मॉड्यूल बंद होतं. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोतला सावलीचा भाग थोडा उजळावा असं वाटलं तर आधी पैसे भरा. हे भाड्याच्या मळ्यात आंब्याची कलमं लावण्यासारखं आहे. डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी एक्सएमपी फाइल ठेवतं. ती नोटपॅडमध्येही उघडते, आणि कोणत्या क्रमाने काय केलं ते सगळं तिच्यात असतं. ते समजणारा प्रोग्रॅमही डार्कटेबलच, हे खरं. पण तो दहा वर्षांनी उघडायला कुणाची परवानगी लागत नाही.

शिकण्याबद्दलही एक उदाहरण देतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या होळीला मी गेलो होतो. तिथली होळी पहाटे पेटते. उजाडायच्या आधी अंगावर पांढरे ठिपके काढलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले बुध्ये जाळाभोवती नाचत असतात. कॅमेऱ्याच्या जेपीईजीत त्यांचे चेहरे म्हणजे नुसता नारिंगी गोळा. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, माझ्या १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. लाल रंग जेपीईजीत जळाला होता, म्हणजे त्यातले बारकावे उडाले होते; रॉमध्ये तो शाबूत होता. डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशनमध्ये मी जाळाची ऊब पूर्ण काढली नाही, अर्धीच कमी केली. पूर्ण काढली असती तर तो फोटो ट्यूबलाइटखाली काढल्यासारखा दिसला असता. टोन इक्वलायझरने चेहरे थोडे उजळले. मोरपिसांसाठी हिरव्या-निळ्या छटांवरून पॅरामेट्रिक मास्क केला, म्हणजे फक्त त्या रंगांचा भाग निवडला. त्यात वेळ गेला, पण मास्क म्हणजे काय आणि तो नको त्या भागावर कुठे गळतो, हे त्या वेळात हाताला कळलं. ज्याला हौसेने शिकायचंय त्याने हा वेळ वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे.

एआय मास्किंग, सिंक वगैरे तुमचे मुद्दे लग्नाचे हजार फोटो आठवड्यात द्यायचे असणाऱ्यांचे आहेत. मी हौशी माणसासाठी लिहितो, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. लॅपटॉप जुना असेल तर रॉथेरपी हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर वापरून बघा, त्याला ग्राफिक्स कार्डाची गरजच नाही. तेही जड गेलं तर निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओ आणि कॅननवाल्यांना डिजिटल फोटो प्रोफेशनल कंपनीच मोफत देते, आणि त्यात कॅमेऱ्याचे रंग जसेच्या तसे मिळतात. हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. आपण तिथपर्यंत वाचलं नसावं.

केकी मूस यांचं नाव या भांडणात आणायला नको होतं. चाळीसगावचं त्यांचं घर मी पाहिलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. टेबलावर हाताशी असतील त्या वस्तू मांडून, नीट प्रकाश टाकून त्यांनी जी दृश्यं उभी केली ती टेबलटॉप चित्रं पाहून आल्यावर महागड्या सामानाची बढाई कुणाच्या तोंडून निघणार नाही. तुम्ही ते संग्रहालय पाहिलं नसेल तर स्टेशनजवळच आहे, जाऊन या.

काठीच्या त्या फोटोची रॉ फाइल आणि माझी एक्सएमपी खाली जोडतोय. तुम्ही ती तुमच्या लाईटरूममध्ये करा, हवं तेवढं एआय वापरा, आणि जेपीईजी पाठवा. दोन्ही शेजारी-शेजारी इथेच टाकतो. तुमचा चांगला निघाला तर तसं तुमच्या नावानिशी लिहीन. फक्त पुढच्या प्रतिक्रियेत पोरांना नावं ठेवू नका, नाहीतर ती छापली जाणार नाही.