गब्बरला कर्णा लागला होता

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: जुन्या लेखकांच्या लेखणीत दम होता, म्हणून गब्बरचे डायलॉग कुठल्याही जाहिरातबाजीशिवाय घराघरांत पोचले, आता रील्सच्या जोरावर काहीही खपवतात.

आधी ते 'जाहिरातबाजीशिवाय'. 'शोले' लागला १५ ऑगस्ट १९७५ ला. गाण्यांची तबकडी बाजारात होतीच, पण लोक डायलॉगवर लुब्ध आहेत हे दिसल्यावर पॉलिडोर कंपनीने संवादांचीही तबकडी काढली. ती गणपतीच्या मांडवात कर्ण्यावरून वाजायची. सिनेमा न पाहिलेल्या पोरांनाही गब्बरचं हसू कुठे थांबतं आणि गोळी कुठे सुटते, ते पाठ. मिनर्व्हाला सिनेमा पाच वर्षं चालला, ते वेगळंच. रील तरी दुसरं काय करतं? तेव्हा सुई लागायची, एवढाच फरक.

आता लेखणी. सलीम-जावेद मोठेच, वाद नाही. पण 'कितने आदमी थे?' हे नुसतं कागदावर लिहून बघा. सहलीच्या बसमध्ये मास्तर विचारतात तसला प्रश्न! त्याच्या आधी खडकावर घासत जाणारा पट्टा आहे, तोंडात तंबाखू आहे, अमजद खानने ताणलेली शांतता आहे. 'अशी ही बनवाबनवी'तलं 'धनंजय माने इथेच राहतात का?' तर त्याहून साधं. वसंत सबनीसांच्या त्या वाक्यात सुटा विनोदही नाही, नुसता पत्ता विचारलाय. पण कुठल्याही मित्राचं दार वाजवताना ते म्हणता येतं, म्हणून तर टिकलं.

दम असला की वाक्य आपोआप चालतं म्हणणाऱ्यांनी आपल्या विजू खोट्यांकडे बघावं. कालियाचं 'सरदार, मैंने आपका नमक खाया है' लगेच गाजलं. 'अंदाज अपना अपना'मधलं 'गलती से मिस्टेक हो गया' हेही त्यांचंच, पण १९९४ मध्ये तो सिनेमा थिएटरात पडला. पुढे टीव्हीवर सारखा लागायला लागला, तेव्हा कुठे ते वाक्य ऑफिसा-ऑफिसांत घुसलं. शब्द तेच होते की!

आणि रील्सनी वाटोळं केलं म्हणे. परवा पार्सल घेऊन आलेल्या विशीतल्या पोराने दारात विचारलं, "धनंजय माने इथेच राहतात का?" आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी माने नाहीत. म्हटलं, "पिक्चर पाहिलायस का रे?"

"नाही काका, मीम पाहिलंय."