कानातलं पडलं

गेल्या मंगळवारपासून परभणी ते जालना या पट्ट्यातील किमान चाळीस लोकांच्या लेखी मी ठार बहिरा आहे. हा गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न मी केला नाही असे नाही. तीन वेळा केला, आणि तिन्ही वेळा लोकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, बिचाऱ्याला आपण बहिरे आहोत हेसुद्धा अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.

घडले ते थोडक्यात असे. सकाळच्या परभणी–छत्रपती संभाजीनगर गाडीत मी खिडकीपाशी बसलो होतो. नव्या मोबाइलपायी नाइलाजाने घ्याव्या लागलेल्या बिनतारी इअरबडची जोडी कानांत होती. बोरी सोडल्यावर गाडी एका गतिरोधकावरून उडाली, गाडीबरोबर मीही उडालो, आणि मी पुन्हा आसनावर आलो तेव्हा डाव्या कानातला इअरबड माझ्याबरोबर खाली आला नाही. किंबहुना तो माझ्यापेक्षा बराच जास्त खाली गेला होता.

माझ्या शेजारी बोरीला चढलेल्या एक आजी बसल्या होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली असल्यामुळे त्यांचा प्रवास मोफत होता, पण त्याचा पुरावा त्यांनी ज्या बंदोबस्तात ठेवला होता तो पाहण्यासारखा होता. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दोऱ्याने बटव्याला आणि बटवा कमरेला. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना काळा दोरा बांधून तो मानेमागून घेतलेला, आणि बटणांचा मोबाइल परकराच्या नाडीने गळ्यात अडकवलेला. त्या बाईंच्या अंगावर न बांधलेली अशी एकही वस्तू नव्हती. हे वर्णन मी उगाच करत नाही, त्याचा पुढे संबंध आहे.

मी वाकून आसनाखाली चाचपडू लागलो, तेव्हा त्यांनी विचारले, "काय हुडकायलास रे लेकरा?"

"कानातलं पडलंय, आजी," मी म्हणालो.

गेली बावीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दाचा वाच्यार्थ एक आणि रूढार्थ दुसरा असतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. तरीही त्या क्षणी माझ्या तोंडून "कानातलं" हाच शब्द गेला, आणि या भाषेत कानातलं म्हणजे काय हे माझ्यापेक्षा आजींना चांगले ठाऊक होते.

"अगं माय! किती ग्रामचं?"

या प्रश्नाला मी खरे उत्तर द्यायला नको होते. परंतु इअरबडच्या खोक्यावर वजन छापलेले असते आणि खोक्यावरचा सगळा मजकूर वाचण्याची मला वाईट खोड आहे. "असेल चार-पाच ग्रामचं," मी म्हणालो.

"ओ कंडक्टर! थांबवा गाडी! ह्या लेकराचं पाच ग्राम सोनं पडलं!"

सोन्याचा भाव १० ग्रॅमला एक लाखाच्या पुढे गेल्यापासून "पाच ग्राम" या शब्दांत एक अशी शक्ती आली आहे की झोपलेला माणूस त्यांनी जागा होतो. गाडीतले सगळेच जागे झाले. मागच्या आसनावरच्या एका गृहस्थांनी मोबाइलवर आजचा भाव काढून माझे नुकसान मोठ्याने जाहीर केले. दुसऱ्या एकांनी, आता कोणी उतरायचे नाही, असा हुकूम सोडला. त्यांना स्वतःला जिंतूरला उतरायचे होते हे नंतर कळले. कंडक्टरांनी गाडी कडेला घ्यायला लावली. पिशव्या उचलल्या गेल्या, पाय वर घेतले गेले, एका कॉलेजच्या मुलाने तर गाडीच्या फरशीवर आडवे होऊन मोबाइलची बॅटरी लावली. पाच मिनिटांत त्या फरशीवरून शेंगांची टरफले, एक कंगवा, हळकुंड आणि कोणाचे तरी रेशन कार्ड निघाले. माणसे इतक्या मनापासून शोधत होती की सत्य सांगणे मला उत्तरोत्तर कठीण होत गेले.

शेवटी मी सांगितले. "सोन्याचं नाही हो."

"मंग कशाचं?"

"प्लास्टिकचं."

चाळीस माणसांचा एकाच वेळी अपेक्षाभंग करण्याचा प्रसंग वर्गाबाहेर माझ्यावर प्रथमच आला. फरशीवरचा मुलगा उठून कपडे झटकू लागला. आजी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहत म्हणाल्या, "गड्याच्या जातीनं पलास्टिकचं कानातलं घालून हिंडतूस?"

माझ्या पुरुषार्थावरच प्रश्न आल्यामुळे मी घाईघाईने खुलासा केला, "दागिना नाही, आजी. ऐकायचं मशीन आहे."

आणि इथे मी कायमचा बुडालो.

आजींचा चेहरा बदलला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आरं देवा. येवढ्या कमी वयात?" असे म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि त्याच क्षणापासून त्या माझ्याशी, शिवारातल्या पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलावे त्या आवाजात बोलू लागल्या.

"मला ऐकू येतं, आजी," मी म्हणालो.

"असंच म्हनायचे आमचे बी!" त्या गाडीला उद्देशून म्हणाल्या. "वीस वर्सं म्हनले!"

पुढचे तास-दीड तास आमचे जे संभाषण झाले त्यात गाडीतल्या प्रत्येकाचा सहभाग होता. "लगीन झालंय का?" हा प्रश्न त्यांनी हाताने मुंडावळ्या बांधल्याची खूण करून विचारला. झाले आहे, असे मी सांगताच त्यांनी ते उत्तर मागच्या आसनांपर्यंत पोचवले आणि माझ्या पत्नीचे, जिला त्यांनी कधी पाहिले नाही तिचे, सोशिक म्हणून कौतुक केले. नोकरी काय, असे विचारल्यावर मी शिक्षक म्हणून सांगितले, तर पलीकडचे फेटेवाले काका उद्गारले, "मास्तरला ऐकूच येईना, मंग पोरं काय शिकतील?" यावर गाडीत सर्वसाधारण सहमती झाली. लसूण ठेचून गोडेतेलात कढवावा, कोमट झाल्यावर दोन थेंब कानात सोडावेत, हा उपाय मला तीन जणांनी सांगितला. त्यांपैकी एकाने तो लिहून दिला.

माझ्या उजव्या कानात दुसरा इअरबड तसाच होता. तो काढला तर मी पूर्णच बहिरा झालो असे वाटेल आणि ठेवला तर मी यंत्रावर जगतो आहे हे सिद्ध होईल, अशा पेचात मी तो ठेवला.

"आमच्या म्हाताऱ्याला बी सरकारी शिबिरात मशीन भेटली व्हती," आजी सांगू लागल्या. "खिशात डबी, डबीतून दोरी, दोरी कानात. म्हातारा दोनदा गाडीवरून पडला, पर मशीन न्हाई हरवली. मरेपत्तूर टिकली." मग त्यांनी माझा उजवा कान धरून, बैलाचे दात बघावेत तसा, प्रकाशाकडे वळवला. "तुज्या मशिनीला दोरी कामून न्हाई?"

माझ्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते असे नाही. ते त्या गाडीत उभे राहून देण्यासारखे नव्हते, इतकेच. दोरी होती, आजी. चांगली सव्वाशे वर्षांहून अधिक काळ होती. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्सचेंजमधल्या मुली ज्या खुंट्या फळ्यावरच्या भोकांत घालून लोकांचे बोलणे जोडून देत, त्याच भोकांची धाकटी आवृत्ती म्हणजे मोबाइलमधले हेडफोनची तार लावायचे ३.५ मिलिमीटरचे भोक. ट्रान्झिस्टरमध्ये ते होते, १९७९मध्ये आलेल्या वॉकमनमध्ये होते, आणि कोणत्याही कंपनीची तार कोणत्याही कंपनीच्या भोकात बसत होती. यंत्रांच्या जगात सोयरीक इतकी सोपी असलेले दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. मग सप्टेंबर २०१६मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ते भोक काढून टाकले आणि त्याचे कारण देताना, व्यासपीठावरून, "धैर्य" हा शब्द वापरला. आमच्याकडे धैर्य म्हणजे काय याच्या कल्पना वेगळ्या आहेत. कोरडवाहू रानात दुबार पेरणी करणारा माणूस ते स्वतःजवळ आहे असे कधी बोलून दाखवत नाही. असो. हे धैर्य दाखवण्यात आले त्याच कार्यक्रमात ॲपलचे एअरपॉड्स हे बिनतारी इअरबडही सादर झाले. घराची भिंत पाडणारा आणि विटा विकणारा एकच निघावा, तसे.

इतर कंपन्या आरंभी हसल्या. गूगलने त्याच वर्षीच्या आपल्या पिक्सेल फोनच्या जाहिरातीत आपले भोक शाबूत असल्याचे मिरवले आणि पुढच्याच वर्षी, २०१७मध्ये, पिक्सेल २ मधून ते काढले. सॅमसंगने आयफोनच्या या उणिवेची जाहिरातींतून टर उडवली आणि ऑगस्ट २०१९च्या नोट १० या फोनमध्ये तीच वाट धरली. गावात पहिल्या माणसाने रस्त्यावर ओटा वाढवला की बाकीचे आधी नावे ठेवतात आणि पुढच्या उन्हाळ्यात आपापले ओटे वाढवतात, त्यातलाच हा प्रकार.

भोकाबरोबर गेले ते केवळ गाणे नव्हे. मोबाइलमधला एफएम रेडिओ हेडफोनच्या तारेलाच अँटेना म्हणून वापरत असे, त्यामुळे तार गेली तशी रेडिओचीही सोय गेली. २०२३मध्ये, आपत्तीच्या वेळी उपयोगी पडतो म्हणून मोबाइलमधला रेडिओ चालू ठेवावा, असे केंद्र सरकारला कंपन्यांना सांगावे लागले. आमच्याकडे पहिल्या वाऱ्यातच वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हा या गोष्टीचे हसू येत नाही. शिवाय तारेचे दुखणे आपल्याला कळत होते. डावीकडून आवाज येईनासा झाला तर तार कोणत्या कोनात दुमडून धरायची ही विद्या घरोघर होती. इअरबडचे दुखणे कळतच नाही, कारण आत पाहण्याची सोयच ठेवलेली नाही. बॅटरी आत चिकटवून बंद केलेली असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकली की कान थकला. यंत्रे उघडून दुरुस्तीयोग्यतेचे गुण देणाऱ्या आयफिक्सिटने पहिल्या एअरपॉड्सना १० पैकी ० गुण दिले होते. बावीस वर्षांत मी एकाही विद्यार्थ्याला शून्य दिलेले नाही, निदान अक्षराचा तरी एक गुण देतो.

हे सगळे मी मनात म्हणालो. मोठ्याने एवढेच म्हणालो, "कंपनीनं काढली दोरी."

"आन् पैशे कमी केले का?"

"नाही. वाढवले."

आजींनी यावर काहीही भाष्य केले नाही. त्यांनी फक्त गळ्यातल्या नाडीला लोंबणारा आपला मोबाइल एकदा हाताने चाचपून पाहिला.

मंठ्याच्या अलीकडे मला आठवले की या इअरबडला शोधण्याची सोय आहे. मोबाइलमध्ये कळ दाबली की हरवलेला इअरबड चिवचिवतो. मी ती दाबली. आसनांखालून कोठून तरी बारीक चिवचिव ऐकू आली, आणि ती गाडीतल्या सर्वांच्या आधी मला ऐकू आली, ही गोष्ट मला विशेष नमूद करायची आहे. मी ताडकन उठून "तो बघा आवाज!" असे ओरडलो. आजींनी मला हळूच खाली बसवले. "कान गेले की असं व्हतं," त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्यांस्नी बी पाखरं ऐकू यायची." गाडीने वेग घेतला, इंजिनाच्या आवाजात चिवचिव बुडाली आणि थोड्या वेळाने मोबाइलने, डावा इअरबड आता संपर्कात नाही, असे कळवले. ज्या ब्लूटूथने हे दोघे जोडलेले होते त्याचे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून पडले आहे, कारण त्याने विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखाली आणल्या. त्याला माझे दोन कान एका छत्राखाली ठेवणे जमले नाही.

जालन्याला आजी लेकीकडे उतरल्या. उतरण्यापूर्वी त्यांनी मला एक शेंगदाण्याचा लाडू दिला, जो उत्तम होता, आणि कंडक्टरांना बजावून सांगितले, "ह्याला संबाजीनगर आलं की हात लावून उठवा. आवाज दिऊ नका, उगंच." कंडक्टर भला माणूस होता. बदनापूरला त्याने माझ्या खांद्याला हात लावून, अजून अवकाश आहे, अशी खूण केली. मी मान डोलावली. सुरुवातीला मी तोंडाने उत्तरे देत होतो, पण खुणेला खुणेने उत्तर दिले की माणसाला बरे वाटते, हे माझ्या लक्षात आले.

बैठक आटोपून मी इअरबडच्या सेवा केंद्रात गेलो. काचेमागच्या तरुणाने मान वर न करता सांगितले की एकटा डावा शिल्लक नाही. मागवला तर दोन हजार नऊशे पडतील, तीन आठवडे लागतील, आणि नवी जोडी घेतली तर साडेचार हजारांत सवलत आहे. उजव्याचे काय करू, असे मी विचारले. "ठेवा, सर," तो म्हणाला. ठेवला आहे. घरी एका डबीत एक पैंजण, एक मोजा आणि तो, असे तिघे बसले आहेत.

बसस्थानकासमोरच्या हातगाडीवर मी दीडशे रुपयांचा तारेचा हेडफोन घेतला. तो मोबाइलच्या चार्जिंगच्याच भोकात बसतो, म्हणजे गाणे ऐकायचे तर चार्जिंग बंद आणि चार्जिंग करायचे तर गाणे बंद. एका भोकाला दोन बायका दिल्यावर दुसरे काय होणार? परभणीपर्यंत चौदा टक्के बॅटरी पुरवायची होती, म्हणून बहुतेक वेळ मी तो कानात नुसताच घालून बसलो.

दुसऱ्या दिवशीच्या परतीच्या गाडीला कंडक्टर तेच निघाले. गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेले तिकिटाचे यंत्र सावरत ते माझ्याजवळ आले, माझ्या कानांतून खिशात गेलेली तार त्यांनी पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसला.

"दोरीची घेतली!" ते अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बेस केलं, सर! आता येतंय का ऐकू?"

मी अंगठा वर करून दाखवला.