फुलं आणायला पैसे नव्हते का?

आज इथे बडोद्यात, दांडिया बाजारात एका साखरपुड्याला गेले होते. घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

मुलाने मुलीसाठी स्वतःच्या हाताने गुच्छ करून आणला होता. साटनच्या रिबनचे गुलाब, लाल आणि मोतिया. एकेका पाकळीची कड मेणबत्तीवर धरून वळवलेली. दोन-तीन पाकळ्यांना काळपट झाक आली होती, ज्योत जरा जास्त लागली असणार. मुलगी तो गुच्छ हातातून खाली ठेवायला तयार नव्हती. तेवढ्यात एक मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "खंडेराव मार्केट एवढं जवळ, ताजी फुलं आणायला पैसे नव्हते का?" लोक हसले. मुलाने मान खाली घातली.

अहो, पैसे वाचवायला कुणी रात्र-रात्र बसून पाकळ्या वळवतं का?

आमच्या लग्नाआधी, 1996 साली, ह्यांनी मला क्रेप कागदाचे 11 गुलाब करून दिले होते. हे तेव्हा मकरपुऱ्याला मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमध्ये नवी तार गुंडाळायच्या, कामावर होते. म्हणून देठांना वाइंडिंगची तांब्याची तार घेतली. ती बारीक आणि मऊ, सगळ्या गुलाबांनी माना टाकल्या. मग जाड लोखंडी तार आणली. पाकळ्याही आधी आडव्या कापल्या गेल्या. क्रेपच्या सुरकुत्या पाकळीत उभ्या यायला लागतात, तरच दोन्ही अंगठ्यांनी मधोमध ताणून तिची वाटी होते. ह्यांच्या पापडासारख्या सपाट राहिल्या. सगळ्या टाकून पुन्हा कापल्या. हे मला लग्नानंतर सासूबाईंनी सांगितलं, ह्यांनी आजवर एक अक्षर काढलेलं नाही.

ताज्या फुलांना वास असतो, कागदाला नसतो. मान्य. आणि ज्याला जमत नाही त्याने विकत आणावीत, त्यात काही वाईट नाही.

पण हल्ली 'हँडमेड' म्हणून पार्सल मागवतात, त्यावर दोघांची नावं छापून येतात, आणि त्याचं केवढं कौतुक! करणाऱ्या बायकांचं घर त्यावर चालतं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मागवणाऱ्याचं बोट तरी भाजलं का? त्या मुलाच्या अंगठ्यावर आज फोड होता. मी पाहिला. ह्यांच्याही बोटांना तेव्हा तार टोचल्याच्या खुणा होत्या, आणि मी वेडी समजत होते की कामावर लागलं असेल.

त्या मावशींच्या मनात वाईट नसेलही. जेवणानंतर त्याच कोपऱ्यात बसून गुच्छ उलटसुलट करून बघत होत्या, एका पाकळीवरून बोट फिरवत होत्या. तेव्हा माझा राग थोडा उतरला.

गुच्छाच्या देठांना गुंडाळलेली हिरवी टेप खालून सुटत आली होती. मुलगा म्हणाला, "काकू, चिकटतच नाही हो." ती तशी चिकटत नाहीच. ताणत-ताणत गुंडाळली की तिच्यातलं मेण सुटतं आणि मग धरते. त्याला म्हटलं, रविवारी दोघं घरी या, काका दाखवतील. ते 11 गुलाबही कपाटातून काढून ठेवणार आहे. लाल रंग पार विटलाय, तारेला गंज चढलाय, पण पाकळ्यांच्या वाट्या अजून तशाच आहेत.

घरातली टेप मात्र संपलीय. मंगळ बाजारात कुठल्या दुकानात मिळते, माहीत असेल त्यांनी कळवा.