कोंढाणा, दर वीस मिनिटांनी

आपल्या मंडळाने यंदाच्या गणेशोत्सवात सिंहगडच्या लढाईचा सजीव देखावा करण्याचे ठरवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, आणि लगोलग एक कळकळीची सूचना : कृपया इतिहास वाचू नका. वाचून झालाच असेल, तर निदान अनंत चतुर्दशीपर्यंत कोणापाशी बोलू नका. गेली चौदा वर्षे मी आमच्या मंडळासाठी ड्रेपरी, म्हणजे भाड्याची वेशभूषा, आणण्याचे आणि परत करण्याचे काम करीत आहे. वाचणारा कार्यकर्ता आणि गळणारा मांडव ही दोन्ही संकटे ऐन वेळीच ध्यानात येतात, हे मी अनुभवाने सांगतो.

सुरुवात वेशभूषेपासून करावी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री जे मावळे कडा चढून गेले, त्यांना गणवेश नव्हता. शिलेदार आपले घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीस येई, बारगिराला ते सरकारातून मिळे. परंतु सगळ्या फौजेला एकाच रंगाचे कापड वाटावे, असा रिवाज त्या काळी नव्हता. गुडघ्यापर्यंतचा मांडचोळणा, कमरेला आवळलेला शेला, डोक्याला मळके मुंडासे आणि माघाची थंडी म्हणून अंगावर घोंगडी, अशा वेशातले वीस जण आपण रंगमंचावर आणलेत, तर हे मांडव घालणारे मजूर अजून खाली का उतरले नाहीत, असे प्रेक्षक विचारतील. त्यापेक्षा ड्रेपरीवाल्याकडचे भगव्या सॅटिनचे वीस अंगरखे आणि शिवून तयार असलेले, टोपीसारखे घालता येणारे वीस फेटे घ्यावेत. अंगरख्याला पाठीमागे चेन असते. तेव्हा मावळ्याने प्रेक्षकांकडे पाठ करू नये. हे त्याच्या शौर्यालाही धरूनच आहे.

चिलखत सुतळीचे विणून त्यावर चंदेरी रंग मारलेले मिळते. खऱ्या चिलखतात लोखंडाच्या हजारो कड्या एकमेकींत ओवलेल्या असतात आणि त्याचे ओझे सहज दहा किलोच्या आसपास जाते, त्यामुळे ते चढवून दोराने कडा चढणारा मनुष्य वर पोहोचेपर्यंत आरतीची वेळ होईल. सुतळीच्या चिलखताचा दोष एकच आहे. पावसात त्याचा रंग मानेवर उतरतो.

शत्रुपक्षाच्या बाबतीत मात्र विशेष दक्षता घ्यावी. त्या रात्री गडाचा किल्लेदार उदयभान हा राठोड राजपूत होता, ही गोष्ट नेपथ्यप्रमुखांच्या कानावर जाऊ देऊ नये. ड्रेपरीवाल्याच्या यादीत ‘शत्रू’ या नोंदीपुढे हिरवा झगा, काळी दाढी आणि काजळ एवढेच लिहिलेले असते, आणि त्यात राजपुती जामा शोधू लागणाऱ्याला तो ‘लग्नाचे कपाट पलीकडे आहे’ असे सांगतो. आमच्या मंडळात एका मुलाने ही शंका काढली होती. पुढची दोन वर्षे त्याला वर्गणीच्या पावत्या फाडायला बसवले.

आता हत्यारे. धार असलेली तलवार मिरवणुकीत काढल्यास शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गुन्हा दाखल होऊ शकतो, त्यामुळे तलवार पत्र्याची किंवा फायबरची असणार, हे ओघानेच आले. तिची मूठ मराठा पद्धतीची आहे की कोण्या युरोपीय सरदाराची, पाते सरळ धोपेचे आहे की वाकडे, असले प्रश्न विचारून वेळ दवडू नये. उलट, ध्वनिमुद्रित निवेदनात तानाजीरावांची तलवार साठ किलो वजनाची होती, असे खर्जात सांगावे. खरी लढाऊ तलवार साधारण एक ते दीड किलोची असते, कारण ती हातात धरून दुसऱ्या माणसाशी लढायचे असते. पण एवढ्या हलक्या हत्याराने अंगावर काटा येत नाही. दांडपट्ट्याला कोपरापर्यंतचा लोखंडी खोबळा असतो आणि त्यामुळे तो मनगटाने फिरवता येत नाही, सगळा हात खांद्यापासून फिरवावा लागतो. आपला कलाकार तो भाजी ढवळावी तसा फिरवील. फिरवू द्यावा, फक्त पहिल्या रांगेतल्या खुर्च्या चार फूट मागे घ्याव्यात.

पहारेकऱ्यांना बंदुका द्यायच्या असतील, तर जी मिळेल ती द्यावी. तोड्याची बंदूक म्हणजे पेटती वात, दारू ठासण्याची गज, प्रत्येक बारामागे अर्धा मिनिट आणि भरपूर धूर. वीस मिनिटांच्या देखाव्याला हे परवडत नाही. आम्हाला एका वर्षी शिकारीच्या चित्रपटातली दुनळी मिळाली होती. ती पाहून कोणीही हरकत घेतली नाही, फक्त एका आजोबांनी अशी आपल्या मामांकडे होती असे सांगितले.

पुराव्यांचा आग्रह धरणाऱ्यांना इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांचे उदाहरण द्यावे. भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे भिंतींवर पुजले जात होते, आणि बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले, तोपर्यंत कोणाचे काही अडले नव्हते. मग आपल्या वीस मिनिटांनी कोणाचे काय बिघडणार आहे?

एवढी दक्षता घेऊनही एखादा अपघात घडतोच. थर्मोकोलवर २०१८ मध्ये बंदी आल्यापासून आमच्या ढाली पुठ्ठ्याच्या असतात. खऱ्या ढालीवर जी चार फुले दिसतात, ती शोभेची नसून आतल्या मुठीचे खिळे तिथे पक्के केलेले असतात. आमच्या ढालीवरची फुले म्हणजे डिंकाने चिकटवलेली बाटल्यांची झाकणे होत. पाचव्या रात्री, तिसऱ्या खेळात, उदयभानाच्या पहिल्याच वाराला तानाजीची ढाल मधोमध फाटली. विंगेतल्या पोराने दुसरी ढाल शोधली, ती चहावाल्याने पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली होती. तानाजी झालेला मुलगा क्षणभर गोंधळला, मग त्याने कमरेचा शेला सोडला, भराभर डाव्या हाताला गुंडाळला आणि त्यावर वार झेलीत तो लढू लागला.

दरवर्षी पहिल्या रांगेत बसून वहीत आमच्या चुका टिपणारे एक निवृत्त शिक्षक त्या वेळी उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तानाजीची ढाल तुटली आणि दुसरी वेळेवर मिळाली नाही, असे सभासद बखरीत लिहिलेले आहे, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितले. ड्रेपरीवाल्याने ढालीचे साडेतीनशे आणि शेल्याचे दोनशे रुपये डिपॉझिटमधून कापून घेतले, आणि असा प्रसंग पुन्हा उद्भवू नये म्हणून पुढच्या वर्षी दोन जादा ढाली मागवण्याचा ठराव कार्यकारिणीने एकमताने मंजूर केला.