वीस किलोमीटरची शिकवणी

जर्मनीत न्युर्बुर्गरिंग नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक आहे. त्याच्या जुन्या भागात एक लांब उतार आहे. नाव फुक्सरोअर, म्हणजे साधारण कोल्ह्याचं बीळ. दोन्हीकडे दाट झाडी, झाडीला लागून लोखंडी कठडे आणि मधून नागमोडी खाली जाणारा रस्ता. तळाशी पोचताच एकदम चढ लागतो आणि कुणीतरी खांद्यावर पोतं टेकवावं तसं अंग सीटमध्ये दाबलं जातं. तिथे मी घाबरले आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय झटक्यात उचलला. गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला. जेमतेम वीतभर, पण ते पाठीच्या कण्यात कळलं.

शेजारी बसलेला शिक्षक आवाज न चढवता म्हणाला, "पाय एकदम काढू नकोस. कमी कर, पण सावकाश."

पाय एकदम काढला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाकं हलकी होतात आणि रस्त्यावरची त्यांची पकड सुटायला लागते. वळणावर हे झालं तर गाडी स्वतःभोवती फिरते. इतकी वर्षं गाडी चालवते, पण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. भीती वाटली की पाय काढायचा, हीच माझी समज होती. बहुतेकांची हीच असते.

मी कलोनला राहते, त्याला अकरा वर्षं झाली. आयफेलच्या डोंगरातला हा ट्रॅक माझ्या घरापासून दीड तासाच्या आत आहे, तरी इतकी वर्षं तिकडे फिरकले नव्हते. गेले ती पुण्याच्या वादामुळे.

19 मे 2024च्या पहाटे कल्याणीनगरला काय झालं ते मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. भरधाव पोर्शेनं मोटरसायकलला धडक दिली आणि त्यावरचे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. गाडी चालवणारा 17 वर्षांचा होता. त्याला काही तासांत जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध होता, हे ऐकून इथे परदेशात बसूनही माझ्या हातापायांना कंप सुटला. त्या दोघांच्या वयाची मुलं माझ्या ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसतात.

मग आमच्या घरात वाद सुरू झाला. ताईचं म्हणणं, असल्या गाड्या विकूच देऊ नयेत. जिथे 80ने जायला जागा नाही तिथे 250ने पळणारी गाडी हवी कशाला? भावजी म्हणाले, गाडीचा दोष नाही, रस्त्यांचा आहे. "तुमच्याकडे बघ, ऑटोबानवर स्पीड लिमिटच नाही, तरी लोक मरत नाहीत." आणि माझा भाचा, ज्याला अठरा पूर्ण होताच लायसन मिळालं होतं, गप्प बसून ऐकत होता. त्याची परीक्षा किती वेळ चालली असं मी विचारलं. "आठचा आकडा काढला आणि झालं, मावशी," तो म्हणाला. "दहा मिनिटं."

त्या दहा मिनिटांवर घरातलं कुणीच बोललं नाही. माझं सगळं म्हणणं त्या दहा मिनिटांबद्दलच आहे.

भावजींचं आधी. लोक मरत नाहीत हे खरं नाही. जर्मनीत 2022 साली रस्त्यावर 2800च्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी भारतात गेली 1,68,491. लोकसंख्येचा हिशेब धरला तरी आपला आकडा तिपटीहून जास्त भरतो, आणि आपल्याकडे माणशी गाड्या कितीतरी कमी आहेत. ऑटोबानच्या बऱ्याच भागात कायमची वेगमर्यादा नाही हे खरं, पण 130च्या पुढे जाऊ नये असा अधिकृत सल्ला आहे. त्यापुढे गेलात आणि अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असली तरी भरपाईचा काही वाटा तुमच्याही गळ्यात पडू शकतो. शिवाय तिथली शिस्त वेगळीच. सावकाश जाणारा उजव्या कडेला, ओव्हरटेक फक्त डावीकडून, ते झालं की लगेच पुन्हा उजवीकडे. आपला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, गाड्यांना 120ची मर्यादा आहे, डांबर आणि काँक्रीट कुठल्याही देशाला शोभेल असं आहे. म्हणून काय झालं? 1 जुलै 2023ला सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण जळून गेले. रस्ता चांगला झाला की चालवणारा आपोआप चांगला होत नाही.

मी इथे आले तेव्हा पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेली होती. भारतीय लायसनवर इथे सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत मी पहिल्या वेळी नापास झाले. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. मी उजवीकडे पाहिलंच नाही. परीक्षकानं गाडी बाजूला घ्यायला सांगितली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आज वाटतं, त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

इथल्या मुलांना तर याहून खडतर वाटेनं जावं लागतं. दीड-दीड तासाचे थिअरीचे 14 वर्ग, प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग, नेहमीच्या सरावाखेरीज 12 सक्तीचे धडे: 5 गावाबाहेरच्या रस्त्यांवर, 4 ऑटोबानवर, 3 अंधारात. परीक्षेत ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबून गाडी थांबवायला लावू शकतात. आणि सतराव्या वर्षी लायसन इथेही मिळतं. फक्त अठरा पूर्ण होईपर्यंत शेजारी एक नेमून दिलेलं मोठं माणूस बसलेलं लागतं, तिशी ओलांडलेलं आणि निदान पाच वर्षं लायसन असलेलं. नंतर दोन वर्षं परिवीक्षेची. तेवढ्या काळात आणि 21 वर्षांचे होईपर्यंत दारू पिऊन स्टिअरिंगला हात लावायचा नाही, थेंबभरही चालत नाही. कल्याणीनगरचा मुलगा सतराच वर्षांचा होता. इथल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या शेजारची ती सीट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला 25 वर्षं होईपर्यंत लायसन नाही. कागदावर हे जर्मनीपेक्षा मऊ वाटत नाही. पण ही सगळी शिक्षा घडून गेल्यानंतरची. घडण्याआधी आपण त्या मुलाला काय शिकवलं?

ट्रॅकवर गेले ते हाच प्रश्न घेऊन. वेग म्हणजे नेमकं काय, ते मला शिक्षकाच्या शेजारी बसून कळून घ्यायचं होतं.

हा ट्रॅक 20.832 किलोमीटरचा, 73 वळणांचा, आणि त्याच्या सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या जागेत सुमारे 300 मीटरचा फरक. तो 1927 साली खुला झाला. त्याआधी आयफेलमधल्या शर्यती साध्या सार्वजनिक रस्त्यांवर, गावांमधून व्हायच्या. त्या रस्त्यांवरून हटवाव्यात आणि भागातल्या बेरोजगारांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम निघालं. कोन्राड आडेनाउअर, जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले, तेव्हा कलोनचे महापौर होते आणि त्यांनी या कामाला पाठबळ दिलं. शर्यत गावातून उचलून जंगलात नेणं, ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे.

1968 साली धुक्यात आणि पावसात इथे जिंकलेल्या फॉर्म्युला वन ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट यांनी या ट्रॅकला हिरवा नरक म्हटलं. 1 ऑगस्ट 1976ला शर्यतीत ड्रायव्हर निकी लाउडा यांची गाडी बेर्गवेर्क वळणाआधी पेटली आणि त्यानंतर फॉर्म्युला वन या जुन्या ट्रॅकवर परतली नाही. साध्या माणसांना मात्र तो ठरावीक दिवशी खुला असतो, टोल भरून जायच्या एकेरी रस्त्यासारखा. वाहतुकीचे नियम लागू, ओव्हरटेक डावीकडूनच, फेरीची वेळ मोजायला बंदी. कठडा मोडला तर मीटरच्या हिशेबानं भरपाई तुमच्याकडून.

जवळच्या गावात ट्रॅकसाठी गाड्या भाड्यानं देणारे आहेत. मी पोर्शे केमन घेतली, इंजिन मधोमध असलेली, 300 हॉर्सपॉवरची. किल्ली हातात आली तेव्हा तिच्यावरचं ते चिन्ह पाहून मी थोडा वेळ नुसती उभी राहिले. ज्या नावाची गाडी पुण्यात दोन घरांचं सगळं घेऊन गेली तीच आपण हौसेनं चालवायची का? शिक्षकाला मी ती घटना सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "त्या मुलाला कुणी शिकवलं होतं?"

पहिली फेरी पूर्ण व्हायला बारा-तेरा मिनिटं लागली असावीत. आरशात सतत कुणीतरी असायचं. उजवा इंडिकेटर, उजवी कड, साइड. शिक्षकाच्या बोलण्यात वेग वाढवण्याचा शब्द नव्हता. तो तीनच गोष्टी सांगत होता: नजर पुढे टाक, ब्रेक सरळ रस्त्यात मार, वळणात हात शांत ठेव. मी समोरच्या कठड्याकडे पाहत होते आणि गाडी कठड्याकडेच जात होती. "बघशील तिकडे जाशील," तो म्हणाला. कारुसेल नावाचं गोल वळण आहे, आतल्या बाजूला तिरक्या काँक्रीटचं. त्यात चाकं उतरली की दात वाजतात. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की गाडी आपल्या हातात आहे, आपण तिच्या हातात नाही.

दुसऱ्या फेरीत शेवटच्या लांब सरळ रस्त्याकडे येताना पिवळा झेंडा दिसला. पुढे कुणाचीतरी लहान लाल गाडी कठड्याला टेकून उलट दिशेला तोंड करून उभी होती. चालवणारा बाहेर येऊन कठड्यापलीकडे उभा होता, धडधाकट, पण चेहरा पांढराफटक. आम्ही सगळे सावकाश पुढे गेलो. तिथे ना फुटपाथ होता, ना दुचाकीवरून घरी निघालेलं कुणी. चूक त्याची होती आणि किंमतही त्यालाच मोजावी लागली. या ट्रॅकवर माणसं मेलीही आहेत आणि ते मी लपवणार नाही. पण ती स्वतःहून आत गेलेली माणसं होती.

ताई यावर म्हणेल, म्हणजे श्रीमंत पोरांना पळवायला ट्रॅक बांधून द्या! नाही ताई. ट्रॅक असला म्हणून रस्त्यावरची मस्ती थांबत नाही. ज्या देशात हा ट्रॅक आहे त्याच देशात 1 फेब्रुवारी 2016च्या रात्री बर्लिनमध्ये दोघांनी भर शहरात शर्यत लावली आणि आपल्या वाटेनं जाणारा एक निवृत्त डॉक्टर मारला गेला. फरक नंतर दिसला. 2017मध्ये रस्त्यावरची शर्यत हाच स्वतंत्र गुन्हा ठरला, त्यात कुणाचा जीव गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद. आणि बर्लिनमध्ये धडक देणाऱ्या चालकाची खुनाची शिक्षा 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. खुनाची, निष्काळजीपणाची नव्हे. सक्तीची शिकवणी आणि सक्तीची शिक्षा दोन्ही लागतात. आपण चिडलो की फक्त दुसरीची मागणी करतो आणि चार महिन्यांत तीही विसरतो.

तरीही शिकण्याच्या जागेचं महत्त्व मला कमी वाटत नाही. फॉर्म्युला वनमध्ये पोचलेले दोन भारतीय, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक, कोइम्बतूर आणि चेन्नईचे. दोन्हीकडे ट्रॅक होते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन शर्यती झाल्या, मग करावरून आणि पैशांवरून सगळं बंद पडलं, आणि आपल्याकडे चर्चा उरली ती एवढीच की हा खेळ की करमणूक. चाकणला जगातल्या नामांकित कंपन्यांच्या गाड्या बनतात. तिथून पंधरा मिनिटांवर राहणाऱ्या मुलाला मात्र ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं, ते चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचं काम आहे आणि तेव्हा पाय काढायचा नसतो, हे शिकायला जागा नाही. ते तो शिकतो तेव्हा समोर माणूस असतो.

मला रेस ट्रॅक नको आहे. मला प्रत्येक आरटीओच्या मैदानात शंभर मीटर ओली फरशी हवी आहे. आठच्या आकड्यानंतर 50च्या वेगात पूर्ण ब्रेक, रात्रीची एक फेरी, महामार्गावरची एक फेरी. एवढं झाल्याशिवाय लायसन नको. 60चा वेग 120 झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते आणि ब्रेकचं अंतरही चौपट. शाळेत हे सूत्र सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पायाला ते ठाऊक नसतं.

परतताना मी हायवेवर 100च्या वर गेले नाही. पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीपेक्षा दुप्पट ठेवलं होतं. मुद्दाम नव्हे, पायच तसा वागत होता.

रात्री भाच्याचा फोन. "मावशी, किती गाठलास?"

"काटा बघायला सवड नव्हती रे. रस्ता बघत होते."

तो दिवाळीच्या सुट्टीत येतोय. त्याला ट्रॅक बघायचाय, तो दाखवीन, कठड्याबाहेरून. पण आल्यावर दुसऱ्याच दिवशी ADAC नावाच्या इथल्या मोटारचालकांच्या संघटनेच्या सुरक्षा प्रशिक्षणात त्याचं नाव घातलंय. पाणी मारलेल्या निसरड्या पृष्ठभागावर गाडी घसरवतात, सावरायला लावतात, पुन्हा घसरवतात.

ताईनं फोन घेतला. "म्हणजे नुसतं ब्रेक मारायला शिकवतात? दिवसभर?"

"हो."

ती थोडा वेळ गप्प होती. ती रोज कात्रजहून हिंजवडीला स्वतः गाडी चालवत जाते, वीस वर्षं झाली. मग म्हणाली, "माझंही नाव घालता येईल का गं?"